दीडटनचा कान

खाणीच्या रस्त्यावर त्याला सगळे दीडटन म्हणत. त्याच्या डिझेल पिकअपची क्षमता दीड टनाची, आणि गेली बावीस वर्षं तो ती ज्याला त्याला ऐकवत आला होता, म्हणून. प्रत्यक्षात त्याने दोन टनांच्या खाली दगड कधी भरला नाही. गाडीही बिचारी मुकाट्याने ओढायची.

मी त्याचा मेकॅनिक. दुसऱ्या कुणाला त्याने त्या बॉनेटला हात लावू दिला नाही. आमची दोघांची पद्धत एकच: आधी कान, मग पाना. मीटर काय, कुणालाही वाचता येतो. दीडटन काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावर गिअर टाकायचा, आणि "तिसरा इंजेक्टर कुरकुरतोय" म्हणाला की दोष तिसऱ्यातच निघायचा.

त्यामुळे "इंजिन बसलं रे, आवाजात दमच नाही, चढ घेत नाही" असं ओरडत तो आला, तेव्हा मी काही न तपासता इंजिन उतरवलं. माझ्या कानाला ते नेहमीसारखंच वाटलं होतं, पण त्याच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास! इथेच मी माती खाल्ली. तीन आठवडे त्या लोखंडाशी झटलो. पिस्टन, रिंगा, पंप, सगळं धडधाकट. एवढी वर्षं एवढा भार ओढूनही सिलिंडरला ओरखडा नव्हता. माझी पाठ मोडली, डोळे दुखायला लागले, दोष काही सापडेना. दीडटन रोज येऊन स्टुलावर बसायचा. गाडी गेली तर मलाही कुणी विचारणार नाही, असं तो एकदा म्हणाला.

एका दुपारी वहिनी त्याचा डबा घेऊन आल्या.

"घरी न्या हो यांना," मी म्हटलं.

"न्यायला हाक तर ऐकू जायला हवी!" त्या वैतागल्या. "ओरडून ओरडून घसा बसला माझा."

"नवरे सगळे असेच, वहिनी," मी हसलो. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

शेवटी इंजिन होतं तसं जोडलं, गाडीत दगड भरला आणि आम्ही दोघं चढाला लागलो. निम्म्यावर इंजिन गुदमरायला लागलं. खालचा गिअर टाक म्हणून ते जीव तोडून सांगत होतं. दीडटन मात्र समोर बघत तसाच वरच्या गिअरमध्ये रेटत राहिला.

"बघ, बघ! आहे का काही आवाज?" तो म्हणाला. मी रस्ता सोडून त्याच्याकडे बघायला लागलो.

कशीबशी गाडी माथ्यावर पोचली. दीडटन खाली उतरला आणि पाठमोरा उभा राहून घाम पुसू लागला. चढ ओढून आलेलं डिझेल इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, हा त्याचा नेम. मी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बंद करू नकोस हं," तो पाठमोराच ओरडला. "दोन मिनिटं चालू दे तिला."

मी उतरलो, त्याचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. बराच वेळ तो हात तिथून हलला नाही.

"कधी बंद केलीस?" त्याने विचारलं. मी हाताने 'मघाशीच' अशी खूण केली. बोलून उपयोगही नव्हता.

"म्हणजे गाडीला काही झालेलं नाही."

मी मानेनेच नाही म्हटलं. तो गाडीला वळसा घालून गेला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसला. मी स्टिअरिंगमागे बसलो.

"उतारावर दुसऱ्यातच ठेव," तो म्हणाला. "दोन टन आहे मागे."