धोंडू परबाचा पहिला पुरुषपार्ट

धोंडू परब तब्बल एकोणीस वर्षं बाई होता. दिवसा तो लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभा असे, घरी शांतीचा नवरा असे. पण साऱ्या गिरणगावात त्याला ओळखत ते 'आमची हिरॉइन' म्हणून. कामगारांच्या नाटकात नऊवारी नेसून तो विंगेतून निघाला, की पुढच्या रांगेतले जॉबर-मुकादमसुद्धा पाय आखडून सावरून बसत. चाळीतल्या बायका लग्नाकार्याला त्याच्याकडून अंबाडा घालून घेत, यात काय ते आलं!

आणि अठ्ठावन्न साली एका संध्याकाळी, डिलाईल रोडच्या व्यायामशाळेत, नाटक बसवणाऱ्या रघुवीर मास्तरांनी बॉम्ब टाकला.

"धोंड्या, ह्या खेपेला बाईचं काम बाईच करणार."

"मग मी काय करू? पडदा ओढू?"

"तू बाप."

"कोणाचा?"

"पोराचा रे! दुसऱ्या कोणाचा असतो बाप?"

सगळे खो खो हसले. धोंडूला काही हसू फुटलं नाही.

नाटक संयुक्त महाराष्ट्राचं होतं. तरुण पोरगा मोर्चाला निघतो, बाप रागावतो, पोरगा गोळीबारात जातो. सुनेचं काम भायखळ्याची गुणवंती करणार होती. ती गिरणीतच सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, आणि जिभेची चांगलीच तिखट.

बापाचंच काम नेमकं धोंडूला जड होतं. त्याच्या गावी रीत अशी, की बाप जिवंत असताना पोराने मिशी उतरवायची नाही. पहिल्या स्त्रीपार्टासाठी धोंडूने ती उतरवली आणि तसाच शिमग्याला मालवणात उतरला. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याने एकदाच वर पाहिलं. "मी जितो आसंय मां? मग ह्या सुतकी तोंड घेवन कित्याक इलंस?" मग पोराकडे पाठ करून तो भिंतीकडे तोंड करून जेवला, चारही दिवस. पुढच्या वर्षी तार आली ती नेमकी नाटकाच्या स्पर्धेच्या दिवशी. धोंडूने आधी खेळ केला आणि मग बोट पकडली. गावी पोचला तेव्हा राखही निवली होती.

तेव्हापासून मन मागे वळलं की ती पाठ दिसे. पुढे बघावं तर आता तिथेही काळोखच. हिरॉइन गेली. गिरणीत कुजबुज होती, की यापुढे एका माणसाला चार साचे, बाकीचे घरी. मग धोंडू म्हणून उरणार कोण?

शांतीला मात्र भलतंच कुतूहल. "आता तरी वाढवा ती मिशी. माजो घोव दिसता कसो, ता माका बघूंदे!"

मिशी वाढली, पण चालीचं काय? पहिल्याच तालमीला बाप असा लचकत आला, की मास्तरांनी कपाळाला हात लावला. गुणवंती उठली.

"मामा, तुम्ही अंग चोरून येताय. पुरुषमाणूस असा येतो बघा." ती दारात जाऊन पाय फाकवून उभी राहिली. "आपण वाट अडवलीय, हे त्याच्या गावीच नसतं."

"तुला गं काय ठाऊक?"

"तुम्ही एकोणीस वर्षं बाया बघितल्यात. मी जल्मल्यापासून बाप्ये बघतेय!"

तेव्हा हसला धोंडू. आणि दारात तसा पाय रोवून उभा राहिला, तेव्हा त्याला एक वेगळाच प्रश्न पडला. भिंतीकडे तोंड करून जेवताना म्हाताऱ्याचा चेहरा होता तरी कसा? इतकी वर्षं आपण पाठच बघत बसलो. पुढून कधी डोकावलो नाही.

त्या रात्री तो शांतीकडे पाठ करून जेवायला बसला.

"काय झाला हो? माज्यार रागावलात?"

"नाय गो. बघतंय."

आणि गंमत अशी, की पाठ फिरवल्यावर मागचं सगळं ऐकू यायला लागलं. बांगडी, तांब्या, शांतीने गिळलेला घास, तिचं थांबणं. घास तोंडात तसाच ठेवून धोंडू ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांना गळ घातली. पोरगा मागच्या दारात, बाप पुढे, तोंड लोकांकडे. पोराला पाठ दिसेल, लोकांना चेहरा.

"आणि चेहऱ्यावर दाखवणार काय?"

"ते मला तरी कुठे माहीत आहे, मास्तर?"

लालबागच्या मैदानात खेळ झाला. माणसं आजूबाजूच्या चाळींच्या गच्चीपर्यंत. पोरगा दारात थबकून म्हणाला, "बाबा, येतो." आता धोंडूने गरजायचं होतं, 'तोंड दाखवू नकोस!' पण तो ऐकत होता. पोराचं उभं राहणं, सुनेच्या बांगड्या, मग पायरीवरचं पाऊल, मग दुसरं. वाक्य आलंच नाही. विंगेत मास्तर ओठ हलवून हलवून थकले.

पडदा पडला तसा धोंडूने गुणवंतीला गाठलं. "माझं तोंड कसं दिसत होतं गं?"

"मला काय ठाऊक? मी मागे होते. विचारा की लोकांना!"

तो रंग न पुसताच खाली उतरला. सतरंजी गुंडाळणारा एक गडी म्हणाला, "लई रागात होता तुम्ही." त्याची बायको म्हणाली, "राग कसला? आता वळतोय, मग वळतोय, असं वाटत होतं मला." एका म्हाताऱ्या साचेवाल्याने मान हलवली. "मी नाही बघितलं बाबा. मी पोराकडेच बघत होतो."

"धोंड्या!" मास्तर वरून ओरडले. "वाक्य खाल्लंस! चिंचपोकळीच्या खेळाला तरी बोलशील ना?"

"बघू या की, मास्तर," धोंडू म्हणाला, आणि मुलाला खांद्यावर घेऊन निघालेल्या एका माणसामागे लगबगीने गेला. "अहो भाऊ, जरा थांबा. तुम्ही कुठे बसला होतात?"