चट्टेकाकांची नजर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अकोल्याच्या जठारपेठेत यापुढे कोणीही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निर्धास्त फिरू शकतो. कोपर झाकायची गरज नाही. मान खाजवायची असल्यास भर चौकात उभं राहून खाजवावी. चट्टेकाका गेले.

त्यांचं खरं नाव मतदार यादीत होतं, एरवी ते कोणी वापरत नसे. आरोग्य खात्यात ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यांत आधी सायकलवर आणि मग मोपेडवर फिरून घरोघरी लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासणं ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर फिरणं थांबलं, तपासणं थांबलं नाही. राहायला आमच्यापासून दोन घरं सोडून. त्यामुळे त्यांच्या कार्यक्षेत्रात आता आम्ही आलो.

माणसाच्या तोंडाकडे पाहून ते कधी बोललेच नाहीत. नजर मानेवरून सुरू व्हायची, दंडावरून कोपरापर्यंत यायची आणि तिथे थोडी विसावायची. अमरावतीला एका लग्नात सूटबूट घातलेला एक गृहस्थ धावत आला आणि त्यांच्या पाया पडला. "सर, वळखलं का?"

काका म्हणाले, "नाव नाई आठवत. पाठ दाखव."

त्या भल्या माणसाने कोट काढला, शर्ट वर केला आणि मांडवात सगळ्या वऱ्हाडासमोर पाठ दाखवली. काकांचा चेहरा उजळला. "अरे, शेषराव! इथं होता, डाव्या खवाट्यावर. गेला ना पार!" दोघांनी गळाभेट घेतली. फोटोग्राफरने तोही फोटो काढला. नवरदेवाच्या अल्बममध्ये तो आजही आहे.

कारणाशिवाय काही उठत नाही, हा त्यांचा एकमेव सिद्धांत. माझ्या बायकोच्या कपाळावर एकदा पांढरा ठिपका उमटला. माझ्या आत्याने तिला घेऊन तीन देवळं पालथी घातली, कुठला नवस राहिला त्याची यादी केली. काका पेपर मागायला आले होते. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "आत्याबाई, देव इतका मापात गोल कोपत नाई. टिकली काढा. तिच्या मागच्या गोंदानं चामडीचा रंग जाऊन राहिला." टिकली बंद झाली, कुंकू सुरू झालं. रंग परत यायला बरेच महिने लागले. आत्याने मात्र एक नवस फेडून टाकला. तिच्या मते धोका कशाला घ्या.

त्याच आत्याला पुढे नागीण झाली. कमरेवर फोडांचा पट्टा, नुसती आग आग. शेजारच्या बायकांनी गेरू लावला आणि दोरीने रोज तिची लांबी मोजायला लागल्या, कारण नागिणीची दोन टोकं मिळाली की माणूस संपला. आत्याने बांगड्या कोणाला द्यायच्या हेही ठरवलं. काकांनी दोरी मागून घेतली, खिशात टाकली. "लहानपणी तुमाले कांजण्या आल्या होत्या ना? तोच विषाणू. एवढे वर्षं नसेत झोपून होता, आता उठला. तो नसेच्या रस्त्यानं चालते, मधोमध येऊन थांबते. पलीकडं जायाले तिकीटच नाई त्याच्यापाशी." आणि तिला तासाभरात डॉक्टरकडे पोचवलं, कारण म्हणे यात लवकर जाणं हेच निम्मं औषध.

आता माझी पाळी. मला कमरेला गजकर्ण झालं. मी मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवसांत साफ. दहा दिवसांनी परत, आणि आधीपेक्षा मोठ्या वर्तुळात. असं मी पाच महिने चालवलं. काकांनी मला फाटकाशी उभं पाहिलं, म्हणजे माझा हात पाहिला.

"काहून खाजवून राहिला बे?"

"काही नाही काका, घाम."

"ट्यूब कोणी देल्ली?"

"मेडिकलवाल्याने. लगेच गुण येतो."

"येईनच. तिच्यात स्टिरॉइड असते. ते बुरशीले मारत नाई लेका, तुह्या चामडीच्या चौकीदाराले झोपवते. चौकीदार घोरून राहिला अन् चोर आत जेवून राहिले. घरात अजून कोणाले हाय?"

मी म्हटलं, कोणालाच नाही. ते घरात आले आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. सहा माणसांपैकी पाच जणांना होतं. प्रत्येकजण ते इतरांपासून लपवत होता आणि सगळे गुपचूप तीच एक ट्यूब वापरत होते. अंग पुसायला टॉवेल दोन. आमच्या घरात एकोपा फार. काकांनी तो एकोपा त्याच दिवशी मोडला. सहा टॉवेल आले, जीन्स बंद झाली, त्वचारोगतज्ज्ञाची औषधं दोन महिने चालली. पुरावा म्हणून त्यांनी माझ्या कमरेचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवून घेतला. तो पुढे त्यांना फार उपयोगी पडला.

हे सगळं गमतीचं. आता मामाचं सांगतो.

माझे दादाराव मामा मोर्शीकडचे. संत्र्याची बाग, भरदार मिशा, आणि आयुष्यात कधी डॉक्टरकडे न गेल्याचा अभिमान. आठ-नऊ वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यांनी बागेत रोडग्यांची पंगत ठेवली. मी काकांनाही घेऊन गेलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजतात, वांग्याची भाजी खदखदत असते, आणि मग मुख्य कार्यक्रम. चिमटा बाजूला सारून मामा उजव्या हाताने निखाऱ्यातून रोडगे काढायचे. एकेक करून, सावकाश, मिशीवर ताव देत. पाहुणे मोबाइल काढायचे. या प्रयोगाचं निवेदन अर्थातच माझ्याकडे. "मंडळी, वऱ्हाडाचा लोखंडी हात!" असं मी ओरडलो. टाळ्या पडल्या.

काकांनी टाळी वाजवली नाही. ते उठून मामांजवळ गेले.

"दादाराव, हे किती वर्षांपासून करून राहिला तुमी?"

"झाले ना दोन वर्षं."

"त्याच्या आधी काहून नाई केलं?"

मामा हसले. "तवा चटका लागे, भाऊ!"

सगळे हसले. मीही हसलो. काकांनी मामांचा हात हातात घेतला आणि उलटा केला. तळव्यावर दोन जुने फोड होते, करंगळी जराशी आत वळलेली. ते म्हणाले, "चला, तुमची बाग दाखवा." आणि मला मानेने यायची खूण केली.

संत्र्याच्या झाडांआड त्यांनी मामांना खाटेवर बसवलं. कोपराच्या वर एक फिकट, लालसर चट्टा होता. तिथे घाम नव्हता आणि लवही नव्हती. कोपरामागची नस त्यांनी बोटांनी चाचपली. ती दोरीसारखी जाड लागत होती. मग खिशातलं पेन काढलं. "डोळे मिटा. जिथं पेन टेकवीन तिथं बोट ठेवा."

मामांनी डोळे मिटले. काकांनी चट्ट्यावर टेकवलं, करंगळीवर टेकवलं, तळव्याच्या कडेला टेकवलं. सहा वेळा. मामा डोळे मिटून शांत बसलेले.

मग म्हणाले, "भाऊ, करा ना सुरू."

काकांनी पेन परत खिशात ठेवलं.

काकांनी रोगाचं नाव सांगितलं, कुष्ठरोग. आडवळण नाही, खाकरणं नाही. मामा ताडकन उठले. "मी काय देवळापुढं बसणारा भिकारी हाओ का?"

"हे जंतू श्वासातून येतात, दादाराव. ते माणसाचा सातबारा पाहत नाईत. शंभरातल्या बहुतेकांचं शरीर त्याले हुसकून लावते. तुमच्या शरीरानं नाई लावलं, एवढंच."

"वैशालीचं लगन हाय वैशाखात. पोराकडच्याईले कळलं तर मोडते ते. माह्यी पोर घरी बसते, भाऊ." एवढा मोठा माणूस, आणि आवाज एकदम बारीक झाला होता.

"औषध सुरू केलं की थोड्याच दिवसात तुमच्यापासून कोणालेच धोका नाई. बारा महिने घ्या लागते. नाई घेतलं तर ही करंगळी गेली, मग बाजूचं बोट, मग बाकीचे. मंग कोणाले सांगायची गरजच नाई पडत. हात स्वतःच सांगते."

मामा खाली बसले. शेवटी म्हणाले, "मोर्शीच्या दवाखान्यात नाई जाणार. तिथं मले सारे वळखतात."

"अकोल्याले या."

मग काका माझ्याकडे वळले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मोबाइल काढून माझ्या कमरेचा तो फोटो मला दाखवला. "एक शब्द बाहेर गेला, तर हा तुमच्या फॅमिली ग्रुपवर." माझ्या नावावर जे काही थोडं मौन जमा आहे, ते त्या फोटोमुळे.

मामांनी मामीला सांगितलं की अकोल्याच्या कोर्टात जमिनीची तारीख लागली आहे. दर महिन्याला. मामीने काहीही विचारलं नाही. आमच्याकडे ज्याला कोर्टाची तारीख नाही, त्याच्याकडे जमीन आहे की नाही याचीच लोकांना शंका येते. तर महिन्याच्या महिन्याला मामा फाइल काखेत धरून एस.टी.तून उतरायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं आणि नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या दिल्या. मी पाकीट वाचलं आणि काकांना कोपऱ्यात घेतलं. "अहो, हे तर स्टिरॉइड!" काका म्हणाले, "औषध तेच हाय. तू मेडिकलवाल्याले विचारून घेतलं, यानं डॉक्टरले."

महिन्याचा पहिला डोस कोणा जाणत्याच्या डोळ्यांसमोर घ्यायचा असतो. तो काकांच्या घरी घ्यायचं ठरलं, आणि तिथे एक अडचण होती. काकांच्या बैठकीत बुद्धमूर्ती होती. मामा इतकी वर्षं आमच्याकडे येत होते, काकांशी गप्पा मारत होते, पण त्यांच्या घरात पाऊल टाकलं की मामांना नेमका उपवास आठवायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी. एकदा तर साधा बुधवार होता. काकांनी कधी विचारलं नाही, की कुठला उपवास. काकूंनी पाणी पुढे करायचं आणि न उचललेला ग्लास परत न्यायचा.

त्या दिवशी काकूंनी पोहे आणि पाणी आणून ठेवलं. मामा म्हणाले, "आज माहा..."

"गोळी उपाशीपोटी घेता येत नाई," काका गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहत म्हणाले. "उपवास सोडा लागते."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मागे चमच्याचा आवाज आला. जरा वेळाने मामांचा आवाज आला, "वहिनी, लिंबू हाय का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांचा मला फोन. "भाच्या, लघवीतून रगत!" मी काकांना उठवलं. काका म्हणाले, "रगत नाई, औषधाचा रंग हाय. मी सांगतलं होतं, पण हे तवा लिंबू पिळत होते." पुढे त्या गोळ्यांनी मामांची कातडी काळपट झाली. लग्नात सगळे म्हणाले, बापानं उन्हात फार पळापळ केली. काकांना आणखी एक काम होतं. घरच्यांची तपासणी व्हायला हवी होती. लग्नाच्या चार दिवस आधी त्यांनी मामी, वैशाली आणि बाकी सगळ्यांचे हात, पाठी, कान पाहून घेतले. कोणालाही संशय आला नाही. "त्याईची सवयच हाय," असं मामी कौतुकाने म्हणाली. सगळे निरोगी होते. वैशाली सासरी गेली. बारा महिने पूर्ण झाले त्या दिवशी मामांनी घरी सांगितलं, केस जिंकलो. करंगळी थोडी वाकडी राहिली. हातात थोडीफार संवेदना हळूहळू परत आली. रोडग्यांच्या पंगतीत चिमटा वापरला जाऊ लागला आणि मामा म्हातारे झाले, असं लोक म्हणू लागले. मामांनी तेही ऐकून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात काका दुपारचे पेपर वाचता वाचता गेले. मामा मोर्शीहून दोन दिवस आधीच पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले. मांडव घातला, खुर्च्या लावल्या, आणि त्या दिवशी चहाची किटली कोणाच्या हातात दिली नाही. मामी होती, वैशाली होती, जावई होते. गावोगावचे अनोळखी लोक इतके आले, की रस्ता बंद झाला. काका असते तर रांगेने पाठी पाहिल्या असत्या.

भाषणं झाली. शेवटी एक निवृत्त अधिकारी उठले. काकांवर त्यांचं प्रेम होतं, पण बोलण्यात ते वाहवत गेले. म्हणाले, "या माणसाचं मोठेपण काय सांगू! ज्यांच्या सावलीला आपण उभं राहणार नाही, ज्यांच्या हातचा पाण्याचा घोट आपल्या घशाखाली उतरणार नाही, अशा लोकांना यांनी हात लावला!" लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, सवयीने.

मांडवाच्या कडेला मामा किटली धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मामीकडे पाहिलं, वैशालीकडे पाहिलं, जावयाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग किटली खाली ठेवली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ओ सायेब, मले होता तो रोग. मंगाशी माह्याच हातचा दोन कप चहा पेला ना तुमी? अजून देऊ का?"