नक्कल म्हणजे इकडून तिकडे नेणं

बाबा तहसील कचेरीत नकला द्यायचे आणि मी कॉलेजच्या कट्ट्यावर नकला करायचो. त्यांच्या नकलेवर शिक्का पडायचा, माझ्या नकलेवर शिव्या. नारपोलीतल्या आमच्या गल्लीत म्हणायचे, "दोघांचं खातं एकच हाय, बापाला फक्त पगार मिलतो."

शेजारी एक मास्तर राहायचे. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, अरबी-फारसीचे जाणकार. त्यांची नक्कल मी त्यांच्या तोंडावरच करायचो. हसता हसता त्यांची कवळी हलायची. एकदा म्हणाले, "बेटा, ये तेरा नक्कल अरबी का नक़्ल है. मतलब, चीज़ एक जगह से उठाके दूसरी जगह ले जाना."

"म्हणजे मानकोलीचा ट्रान्सपोर्टवाला?"

"बिल्कुल! अरब में ट्रक का काम भी नक़्ल. ईरान पहुँचा तो क़िस्सा सुनाना नक़्ल हो गया. हमारे यहाँ आया तो तेरे अब्बा की कॉपी बन गया, और तेरे जैसा बंदर." मग चष्मा पुसत म्हणाले, "इंतक़ाल भी इसी का भाई है. वहाँ मतलब सिर्फ़ इधर से उधर जाना. यहाँ आते-आते आदमी मर गया."

मी लगेच त्यांच्याच आवाजात, "मतलब मुर्दा भी ट्रान्सपोर्ट का माल!"

दोघंही खूप हसलो.

त्या दिवाळीनंतर बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढलं. भिंतीपलीकडे पॉवरलूमची खडखड, तिच्यावर आवाज चढवून बोलायची सवय असलेला माणूस. आता काही हवं असलं की ताटलीवर चमचा वाजवायचा.

गणेशपुरीला आत्या होती, बाबांची मोठी बहीण. अंथरुणाला खिळलेली, काळीज नाजूक. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी रिंग वाजली तसा बाबांनी सवयीनं रिसीव्हर उचलला, एकदम थबकले आणि माझ्या हातात कोंबला. माझ्या गळ्याकडे बोट केलं.

"बोल गो ताये!" मी बाबांच्या आवाजात ओरडलो.

"जेवलास का रं?"

"जेवलो ना. सुकट होती."

बाबा समोरच्या खुर्चीत. मी जरा जास्त खोकलो की माझ्या मांडीवर चापट, म्हणजे एवढं न्हाय खोकत मी. फोन ठेवला की आई मोरीत जाऊन नळ मोठा सोडायची.

पुढे पुढे मला नक्कल करावीच लागेना. बाबा ओठ हलवायचे, ते बघून मी बोलायचो. माल त्यांचा, गाडी माझी.

मार्चमध्ये बाबा गेले. मास्तर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, "इंतक़ाल..." एवढंच म्हणाले. मला तो ट्रान्सपोर्टचा जोक आठवला. पाठच होता, पण तोंडातून निघाला नाही.

रविवारी आतेभावाचा फोन आला. "आये ऐकत न्हाय. भावाला फोन लाव बोलते. तूच सांग तिला, माझ्याच्यानं न्हाय होत." आणि त्यानं रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

बाबा गेले हे बाबांच्याच आवाजात कसं सांगायचं? मी घसा साफ केला, माझा आवाज शोधला. तिनं तो कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. घरात मीसुद्धा फारसा ऐकला नव्हता.

"मी बोलतोय," मी म्हटलं.

पलीकडून आत्या म्हणाली, "घसा बसलाय का रं तुजा? मंग बोलू नको. मी बोलते, तू आयक नुसता."

आणि बोलत राहिली. अंगणातल्या आंब्याला मोहोर किती आलाय, लहानपणी तू कसा झाडावरून पडला होतास, औषध घेतोस का, घे. मी समोरच्या खुर्चीकडे बघत होतो. ओठ हलवायला तिथे कुणी नव्हतं.

तिचं बोलून झाल्यावर मी हळूच म्हटलं, "आत्या."

ताय नाही म्हटलं. तिला तेवढं पुरलं.