खर्चासमोरची कोरी जागा

"शर्ट काढ, अन् पूस."

सरपंच हे बोलला तेव्हा आमच्या बुद्धविहारासमोर सगळं गाव जमलेलं. सरकारी पैशातून वस्तीत सौरदिवे बसले होते, त्यांचं उद्घाटन. मी शर्ट काढला. थिनरमध्ये बुडवला. माझ्याच हातानं रंगवलेली अक्षरं माझ्याच शर्टानं पुसली. बनियनला भोकं होती. ती अख्ख्या तालुक्यानं पाहिली.

मी पेंटर. बिलोली ते देगलूर रस्त्यावर माझं अक्षर बघायला म्हशी थांबतात. माझं 'सावकाश' वाचून एसटी बैलगाडीच्या चालीनं जाते. यातलं निम्मं खोटं धरा. पुढचं धरू नका.

सरकारी काम म्हटलं की माहितीचा फलक आला. कामाचं नाव, योजना, ठेकेदार, मुदत, खर्च. वीस वर्षं हेच रंगवत आलो. सौरपंप असो, विजेचं उपकेंद्र असो, खर्चासमोरची जागा कोरी ठेवायला सांगायचे. नंतर भरू म्हणायचे. कुणी भरली नाही. सगळी कोरी जागा जोडली तर नांदेडहून लातूरला तिच्यावरून चालत जाता येईल. अन् ती मी खडूच्या दोन रेघा मारून, सरळ, सुबक सोडायचो. कोरेपणालासुद्धा माझी सफाई.

या वेळी दिवे आमच्या दारातले होते. खांब असा, की कावळा बसला तर दोघं मिळून डुलायचे. मी इंजिनिअर साहेबाला विचारलं, याला किती लागले? साहेब मोबाईलमध्येच बघत राहिला. सरपंचच बोलला.

"फुकट उजेड भेटून राहिला, अन् भाव इचारतो? पाव्हण्याच्या घरी जेवून किराण्याची यादी मागतो का रे?"

लोक हसले. आमची माणसंही हसली. ते जास्त लागलं.

मग मी या दिव्यांच्या फलकावर, खर्चासमोरच्या कोऱ्या जागेत, लाल रंगात दोन शब्द काढले. 'सांगत नाहीत.' वर कापड टाकलं. उद्घाटनाला पाहुण्यांनी कापड ओढलं आणि फलक बोलला. पुढचं सांगितलंच.

घरी आलो. आईला वाचता येत नाही. काय लिहिलं होतं, तिनं विचारलं. मी सांगितलं.

"खोटं होतं का?"

"न्हाई."

"मग पुसलंस कशाला?"

भाकरी ताटातच राहिली. विहारात रोज ज्यांच्या फोटोला हात जोडतो, त्यांनी आम्हाला मान वर करायला शिकवलं. मी शर्ट काढायला शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. बाबू म्हणाला, "पेंटर, भिंत रंगवायला आलास का?" महिन्यानं उत्तर आलं: माहिती उपलब्ध नाही. दिवे उपलब्ध, खांब उपलब्ध, उद्घाटनाचे हार उपलब्ध. फक्त खर्च हवेत गेला. मी अपील टाकलं.

एवढ्यात रेणापूरकडच्या सौरप्रकल्पाचा ठेकेदार आला. घराएवढा फलक, चार महिन्यांची भाकर. म्हणाला, नेहमीसारखंच. मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आकडा सांगा, मग उचलतो. त्यानं दुसरा पेंटर धरला. तेव्हापासून सरकारी काम बंद. घरात ओढाताण हाय, लपवत नाही.

सोमवारी अपिलाची सुनावणी आहे. तोच शर्ट घालून जाणार. लाल डाग गेला नाही, अन् मी घालवलाही नाही. तिथं नाही मिळालं तर वरच्या दारात जाईन. आकडा आला की त्या फलकावर मीच भरीन, पाव्हण्याला लांबून दिसंल एवढा. तोवर माझ्या हातून एकही जागा कोरी सुटणार नाही.

अन् पुन्हा कुणी पुसायला सांगितलं, तर शर्ट अंगावरच राहील.