रूपाबाई देवी झाली तेव्हा

कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची रूपाबाई म्हणजे भांडायला आणि हळद शिजवायला एक नंबर. १९९७च्या जानेवारीत एका सकाळी ती दारातल्या बाजेवर बसली आणि उठलीच नाही. जेवण सुटलं, झोप गेली, बोलणं आटलं. नवऱ्याला, थावराला वाटलं, थकली असेल. महिना गेला.

मग शेजारच्या किसनसिंगची म्हैस हरवली. शोधायला जाता जाता त्यानं रूपाबाईला विचारलं, सापडेल का. ती म्हणाली, "जाऊ दे." संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. किसनसिंगनं तिच्यापुढं नारळ फोडला. आठवड्यात वसमतहून माणसं येऊ लागली. खात नाही, झोपत नाही, संसारातून मन काढलेलं. देवी नाही तर काय? ती दोनच गोष्टी बोले, "जाऊ दे" आणि "काय म्हाईत". अर्थ सांगायला किसनसिंग शेजारी बसायचा. पहिल्याचा अर्थ कोर्टातली केस मागं घ्या, दुसऱ्याचा लग्न पुढच्या साली. एकदा ती रडली, तर लोक म्हणाले, यंदा पाऊस चांगला.

कुरुंद्याची बांगडीवाली अमिनाबी तिला बांगड्या भरायला आली. नेहमीच्या मापाच्या बांगड्या रूपाबाईच्या हातात थेट कोपरापर्यंत घसरल्या. अमिनाबीनं भक्तांच्या रांगेकडं पाठ केली आणि हळूच विचारलं, तकलीफ काय हाय?

"सकाळ झाली की वाटतंय, काहून झाली," रूपाबाई म्हणाली. "मरून जावं वाटतंय."

अमिनाबीचा दीर असाच खचला होता, नांदेडच्या डॉक्टरकडं बरा झाला होता. तिनं थावराला गाठलं. "ही देवी न्हाई, बीमार हाय. उद्याच चला."

दुसऱ्या दिवशी नांदेडला निघालेल्या जीपमधून भक्तही आले. दवाखान्यात ते रूपाबाईच्या पाया पडू लागले, तसे बाकीचे पेशंटही रांगेला लागले. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्याशी तासभर बोलले. मग थावराला समजावलं, हा उदासीचा आजार आहे. आळस नाही, बाहेरचं काही नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर तिला एकटं सोडायचं नाही, बरं वाटलं तरी गोळ्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत, दर पंधरा दिवसांनी बोलायला यायचं. किसनसिंगनं प्रसाद म्हणून अर्धी गोळी मागितली. मिळाली नाही.

चौथ्या आठवड्यात रूपाबाईनं भाकरी मागितली. सहाव्या आठवड्यात वाळत घातलेल्या हळदीवर भक्तांचे पाय पडलेले पाहून तिनं सगळ्यांचा उद्धार केला. देवी गेली म्हणून लोक हळहळले. दोघांनी थावराला विनवलं, आमचा निकाल लागेस्तोवर गोळ्या थांबवा. त्यानं ऐकलं नाही. पण दिवाळीत रूपाबाईनंच, आता बरी हाय म्हणून, गोळ्या सोडल्या आणि महिन्यात पुन्हा बाज धरली. नारळवालेही परतले. थावरानं या वेळी कुणाला विचारलं नाही. तिला घेऊन पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं.

पुढं दीड वर्षानं डॉक्टरांनीच गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. नंतर तांड्यावर कुणी गप्प झालं की रूपाबाई शेजारी जाऊन बसायची. जेवलास का, झोप लागती का, जगावं वाटतं का, सरळ विचारायची. चार-पाच जणांना तिनं नांदेडला नेलं. त्यातल्या हरिचंदनं डॉक्टरला सांगितलं, गोळ्या घेतो, पण परत जाताना या बाईशेजारची सीट नको. वसमत येईस्तोवर बोलतच राहती.