भांडणारी म्हणून सतरा मतं

झाईजवळच्या एका शाळेत हंसामावशी नऊ वर्षं खिचडी रांधत होत्या. त्याआधी त्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या, आणि तिथल्या व्यापाऱ्यांपुढेही त्यांची जीभ कधी अडली नव्हती.

२०१७ साली शहरातून एक सर कागद घेऊन आले. पाचवीच्या मुलांनी एकमेकांची नावं लिहायची होती: मदत कोण करतं, शांत कोण, भांडतं कोण. भांडणाऱ्यांत वीसपैकी सतरा जणांनी रुपलचं नाव लिहिलं. सरांनी तिच्या नावापुढे 'आक्रमक' असा शेरा मारला. हा कागद वसतिगृहाच्या निवडीसाठी जाणार होता, आणि पुढे शिकायला रुपलला तेवढीच एक जागा होती.

हे कळताच मावशी पळी हातात घेऊनच वर्गात आल्या. "सर, भांडते कोणाशी, ते विचारलंत?"

"तसा प्रश्न कागदावर नाही, मावशी."

"मग मी विचारते. बोल रे हार्दिक."

"होडीवाल्यांशी," हार्दिक म्हणाला. "मासळी निवडायला आम्ही पाहिजे, आणि मूठभर मांदेली द्यायला त्यांचा जीव जातो. रुपल भांडते म्हणून सगळ्यांना मिळते."

"उद्या होडी लागली की तिच्या मागे कोण उभं राहणार?"

रुपल सोडून एकोणीसही हात वर झाले.

"मोजा सर, हीपण मतंच आहेत," मावशी म्हणाल्या. "पोरांना मी वाढायला घेते. शेरा खोडून झाला की तुम्हीही जेवायला या."