आण्णाप्पांच्या पानातलं तेल

"आवं साहेब, ह्यो आकडा माझ्या पानाचा न्हाईच!"

आण्णाप्पा हातात माझं पत्र घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. मिरजेजवळ त्यांचा पानमळा. मी सांगलीच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत नवाकोरा केमिस्ट.

लढाईचे दिवस होते. नागवेलीची एक चांगली जात निवडून तिचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, शेतकी खात्याला गावोगाव वाटायच्या होत्या. शेवटी दोन मळे उरले: आण्णाप्पांचा आणि कराडकडचा. पानांची लांबी-रुंदी मोजायची, मग वाफेवर त्यातलं तेल काढायचं. पानाचा वास आणि तिखटपणा त्या तेलात असतो. आण्णाप्पांची पानं दिसायला मोठी, पण तेल कराडच्या निम्मं. मी तसं कळवून मोकळा झालो.

"तीन पिढ्या मळा राखला. आता लोक म्हनत्याल, आण्णाप्पाच्या पानात दम न्हाई." मला फार वाईट वाटलं, पण आकडा तो आकडाच.

आमच्या साहेबांनी विचारलं, "सँपल कोणी तोडलं?"

"कराडला मीच. प्रत्येक वेलीचं शेंड्याकडून पाचवं पान."

"आणि यांच्याकडे?"

घोळ तिथेच होता. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. कराडला पायात चपला होत्या, काढल्या. मिरजेला बूट होते आणि आतला मोजा अंगठ्याशी फाटलेला. लाजेखातर मी बांधावरच थांबलो आणि आण्णाप्पांना म्हणालो, "तुम्हीच आणा टोपलीभर."

"मग मी बुडाकडची मोठी मोठी बघून दिली की!" आण्णाप्पा म्हणाले. "सरकारी मानूस दारात आल्याला. त्येला बारकी पानं देऊ व्हय?"

बुडाकडची म्हणजे सगळ्यात जून. पान जून झालं की तेल घटतं. माझा मान राखायला गेले आणि बिचारे नापास झाले.

"शाब्बास! नातवाची आणि आजोबांची शर्यत लावलीत," साहेब म्हणाले. "दोन्ही सँपल पुन्हा."

"साहेब, स्टोव्हला रॉकेल नाही. रेशन संपलं."

"घरचं आणा."

आणलं. बायकोने दोन दिवस चुलीवर फुंकर मारत माझा उद्धार केला. या खेपेला दोन्ही मळ्यांत मी अनवाणी फिरलो, पाचवंच पान तोडलं. आण्णाप्पांच्या पानात तेल कराडहून थोडं जास्तच भरलं. बेणं मिरजेचं ठरलं.

निकाल ऐकून आण्णाप्पांनी तिथंच विडा लावून माझ्यापुढे धरला.

"मी पान खात नाही हो."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

"आवं, मग पानाची परीक्षा कशी करताय? नुसतं चावलं असतं तरी जून हाय ते पयल्याच दिवशी कळलं असतं!"

साहेब हसून हसून खोकायला लागले. मी मुकाट्याने विडा तोंडात घातला. पुढच्या सगळ्या नोकरीत सँपल दुसऱ्याच्या हातचं घेतलं नाही आणि आधी चावून पाहिल्याशिवाय भांड्यात घातलं नाही. कडुनिंबाचं काम आलं तेव्हासुद्धा.